कृष्णविवर तेच, नोंदी त्याच, मग स्पिनचे आकडे दोन का?

नागपुरात एम.एस्सी. (भौतिकशास्त्र) करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा: सिग्नस एक्स-१ या कृष्णविवराचा स्पिन, म्हणजे स्वतःभोवती फिरण्याचं माप, एका शोधनिबंधात ०.९९ च्या वर दिलाय आणि दुसऱ्यात ०.१ च्या आसपास. क्ष-किरणांच्या नोंदी साधारण त्याच प्रकारच्या. मग खरं काय मानायचं? आणि ॲस्ट्रोसॅट या भारतीय अवकाश दुर्बिणीच्या नोंदी वापरून असं काम प्रकल्पासाठी नागपुरात बसून करता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, म्हणून ते आधी. हो, करता येईल. क्ष-किरण वातावरणातच शोषले जातात, त्यामुळे या विषयात नागपूरचं आकाश ढगाळ आहे की शहराच्या उजेडानं पांढरं झालंय, यानं काही फरक पडत नाही. दुर्बीण ६५० किलोमीटर उंचीवर फिरते आहे. तिच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर खुल्या होतात आणि इस्रोच्या आयएसएसडीसी या संग्रहातून कोणालाही मोफत उतरवून घेता येतात. बऱ्यापैकी लॅपटॉप, लिनक्स आणि चिकाटी एवढं पुरतं. मे महिन्यात मोठी फिटिंगं (नोंदींशी प्रारूप जुळवून पाहण्याची गणितं) रात्री लावा, दुपारी लॅपटॉप तापून हळू होतो. नागपूरची खास अडचण म्हणाल तर एवढीच.

पहिला प्रश्न मात्र या क्षेत्रातल्या लोकांनाही सध्या छळतोय. त्याकडे जाण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या: क्ष-किरणांवरून स्पिन थेट कोणीच मोजत नाही. कृष्णविवराकडे ओढला जाणारा वायू त्याच्याभोवती तबकडीसारखा फिरतो; मोजली जाते ती या तबकडीची आतली कड. त्या कडेवरून स्पिन काढला जातो. आकड्यांचे सगळे घोळ या दोन पायऱ्यांच्या मधे होतात.

फिरत्या कृष्णविवराचं गणित रॉय केर यांनी १९६३ साली सोडवलं. त्यात वस्तुमान आणि स्पिन एवढे दोनच आकडे लागतात, आणि स्पिन ० ते १ या पट्ट्यात बसतो. कृष्णविवराभोवती अमुक अंतराच्या आत वर्तुळाकार कक्षा टिकतच नाही. तिथवर वायू सावकाश, घासत, तापत, प्रकाश फेकत आत सरकतो. ती हद्द ओलांडली की थेट आत पडतो. ही शेवटची टिकाऊ कक्षा, जिला आम्ही बोलताना ‘इस्को’ म्हणतो, स्पिन वाढेल तशी आत येते. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचं कृष्णविवर नागपुरातल्या झिरो माइलच्या खांबापाशी ठेवलंय असं समजा. ते फिरत नसेल तर ही कड सुमारे ९० किलोमीटरवर येते: वर्धा, भंडारा, काटोल, उमरेड आत, अमरावती, चंद्रपूर बाहेर. स्पिन ०.९ असेल तर कड ३४ किलोमीटरवर, म्हणजे रामटेकही बाहेर पडलं. स्पिन १ च्या टोकाला गेला तर १५ किलोमीटर, कामठीच्या जरासं पुढे. (वक्र अवकाशात किलोमीटर असे नकाशावर मोजता येत नाहीत हे मला मान्य आहे, पण अंदाज येतो.) तबकडी कृष्णविवराच्या उलट दिशेनं फिरत असेल तर कड आणखी बाहेर, १३० किलोमीटरच्याही पलीकडे जाऊ शकते.

सिग्नस एक्स-१ आपल्यापासून सुमारे ७,२०० प्रकाशवर्षं दूर आहे. एवढ्या अंतरावरची शे-दोनशे किलोमीटरची कड चित्रात दिसणं शक्य नाही. दिसतो तो फक्त सोबतचा निळा तारा. हंस तारकासमूहातला हा नवव्या प्रतीचा तारा दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी रामटेककडच्या अंधारात छोट्या दुर्बिणीतूनही सापडतो, आणि तो ५.६ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. कड मात्र वर्णपटावरून काढावी लागते. त्यासाठी मुख्य रस्ते दोन आहेत.

पहिला रस्ता तबकडीच्या स्वतःच्या उजेडाचा. तबकडीचं सैद्धांतिक चित्र शकुरा आणि सुन्याएव यांनी १९७३ मध्ये मांडलं. नोव्हिकॉव्ह आणि थॉर्न यांनी त्याला सापेक्षतावादाची जोड दिली. तबकडी आत जावी तशी तापत जाते. ताऱ्यांएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवरांत आतल्या कडेजवळ तापमान सुमारे एक कोटी अंशांवर पोचतं, म्हणून तिचा उजेड क्ष-किरणांत पडतो. वर्णपटाच्या आकारावरून तापमान कळतं, एकूण तेजावरून आणि अंतरावरून उत्सर्जन करणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ कळतं, आणि क्षेत्रफळावरून आतली त्रिज्या. ही त्रिज्या वस्तुमानाच्या मापात मांडली की स्पिन मिळतो. विचार साधा आहे, पण अंतर, वस्तुमान आणि तबकडी आपल्याकडे किती कललेली आहे हे तिन्ही आकडे बाहेरून आणावे लागतात. त्यातला एक चुकला की स्पिनही चुकला. सिग्नस एक्स-१ चं अंतर पूर्वी सुमारे ६,००० प्रकाशवर्षं मानलं जायचं. २०२१ मध्ये रेडिओ दुर्बिणींच्या नव्या मोजमापानं ते वाढलं, त्याबरोबर वस्तुमान सूर्याच्या जवळपास १५ पटीवरून २१ पटीवर गेलं आणि स्पिनचं गणितही पुन्हा मांडावं लागलं.

या पद्धतीवर माझा विश्वास बसला तो एलएमसी एक्स-३ मुळे. मोठा मॅगेलानिक मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या या कृष्णविवराच्या २६ वर्षांतल्या, वेगवेगळ्या उपग्रहांनी घेतलेल्या नोंदी २०१० मध्ये एकत्र तपासल्या गेल्या. तेज कमी-जास्त होत राहिलं, उपकरणं बदलली, पण तबकडीची आतली त्रिज्या चार-सहा टक्क्यांच्या आत तीच राहिली. वायूचा पुरवठा बदलूनही जी कड हलत नाही ती गुरुत्वाकर्षणानं आखलेली असणार, असं मानायला हा भक्कम आधार आहे. त्यातून निघालेला स्पिन कमी आहे, ०.२ च्या आसपास.

दुसरा रस्ता लोहाच्या रेषेचा. तबकडीच्या वर किंवा आतल्या बाजूला सुमारे अब्ज अंश तापलेला विरळ वायू असतो, त्याला कोरोना म्हणतात. त्याचे कडक, म्हणजे जास्त ऊर्जेचे, क्ष-किरण तबकडीवर आदळतात आणि तिथलं लोह ६.४ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेला चमकतं. प्रयोगशाळेत ही रेषा बारीक असते. तबकडीवरून येताना मात्र ती विद्रूप होते. आपल्याकडे येणाऱ्या बाजूनं ती उजळते आणि थोडी वर सरकते, दूर जाणाऱ्या बाजूनं मंदावते, आणि कृष्णविवराजवळून निघालेल्या भागाची ऊर्जा गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यात खर्च होते. म्हणून खालच्या बाजूला लांब शेपूट तयार होतं. कड जितकी आत, तितकं शेपूट लांब. असा आकार अँड्र्यू फॅबियन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये गणितानं दाखवला होता. १९९५ मध्ये जपानच्या ॲस्का उपग्रहानं एमसीजी-६-३०-१५ या दीर्घिकेत तो स्पष्ट पाहिला.

या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे वस्तुमान आणि अंतर लागतच नाही. सगळं मोजमाप कृष्णविवराच्या स्वतःच्या मापात होतं. म्हणूनच दीर्घिकांच्या केंद्रातल्या महाकाय कृष्णविवरांसाठी तीच मुख्यतः वापरतात. त्यांच्या तबकड्या थंड असतात, उजेड अतिनील पट्ट्यात पडतो आणि पहिला रस्ता तिथे सहसा बंद होतो. पण हिची डोकेदुखी वेगळी. कोरोना नेमका कुठे आहे, तबकडीचा कुठला भाग किती उजळतो, तबकडीचा वायू किती दाट आहे, हे सगळं गृहीत धरावं लागतं. फिट केल्यावर लोहाचं प्रमाण सूर्याच्या कितीतरी पट येतं तेव्हा मी तरी सावध होतो. तिथे लोह जास्त असण्यापेक्षा प्रारूपातच काहीतरी कमी असण्याची शक्यता मोठी. मधल्या वायूचे ढग क्ष-किरण शोषून असाच रुंद आकार तयार करू शकतात, हा आक्षेपही बरीच वर्षं होता. २०१२ मध्ये गेलेल्या नूस्टार उपग्रहानं कडक क्ष-किरणांपर्यंत पाहिल्यावर, विशेषतः एनजीसी १३६५ या दीर्घिकेत, तो आक्षेप बराच मागे पडला.

आता सिग्नस एक्स-१ कडे. १९६४ च्या रॉकेट उड्डाणात सापडलेलं हे कृष्णविवर कडक अवस्थेतून (कोरोनाचे कडक क्ष-किरण वरचढ) मऊ अवस्थेत (तबकडीचा कमी ऊर्जेचा उजेड वरचढ) जातं खरं, पण पूर्ण मऊ कधीच होत नाही. तबकडीचा उजेड वाढला तरी कोरोनाचं कडक शेपूट ठळकपणे शिल्लक राहतं. पहिल्या पद्धतीला लागते तबकडीचं राज्य असलेली अवस्था, आणि ती इथे कधी नीट मिळत नाही. नेहमीची केर-तबकडी अधिक कोरोना असं प्रारूप लावलं की वर्णपट समजावून द्यायला तबकडी फार गरम आणि फार लहान असावी लागते. लहान म्हणजे कड आत, आणि कड आत म्हणजे स्पिन ०.९९ च्या पुढे.

काही संशोधकांनी अलीकडे वेगळं विचारलं. तबकडीच्या पृष्ठभागावर एक कोमट पण दाट थर असेल तर? कोमट म्हणजे कोरोनाइतका तापलेला नाही, पण खालच्या तबकडीपेक्षा गरम. हा थर तबकडीतून निघणाऱ्या फोटॉनना थोडी जादा ऊर्जा देतो. मग वर्णपटातला सगळा गरमपणा कडेच्या लहानपणाला चिकटवायची गरज राहत नाही. तबकडी थंड आणि मोठी मानली तरी नोंदी जुळतात, कड बाहेर जाते आणि स्पिन ०.१ च्या आसपास उतरतो. दोन्ही फिट नोंदींशी जुळतात. तुम्ही वाचलेले दोन आकडे इथून येतात. मोजणाऱ्यांपैकी कोणी चुकलंय असं नाही. तबकडीच्या कातडीबद्दल दोघांनी वेगळं गृहीत धरलंय.

हा वाद अभ्यासकांना इतका महत्त्वाचा का वाटतो, तेही सांगतो, कारण तुमच्या तोंडी परीक्षेत विचारलं जाऊ शकतं. गुरुत्वलहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेनं नोंदवलेल्या कृष्णविवरांच्या टकरींत, एकत्र येण्यापूर्वीच्या कृष्णविवरांचे स्पिन बहुतेक वेळा कमी निघतात. सिग्नस एक्स-१ सारख्या जोड्यांत मात्र ते टोकाचे. वायू गिळून स्पिन शून्यापासून टोकापर्यंत न्यायचा तर कृष्णविवराचं वस्तुमान दुपटीहून जास्त व्हावं लागतं. त्याला कोट्यवधी वर्षं लागतात, आणि सोबतच्या भल्यामोठ्या निळ्या ताऱ्याचं आयुष्यच काही दशलक्ष वर्षांचं. म्हणजे टोकाचा स्पिन खरा असेल तर कृष्णविवर जन्मतःच तसं होतं, आणि मग लायगोची कृष्णविवरं वेगळ्या घराण्यातली ठरतात. स्पिन कमी असेल तर दोन्ही घराणी एक होऊ शकतात. एका थराच्या असण्या-नसण्यावर एवढं अवलंबून आहे.

माझं स्वतःचं मत विचाराल तर ०.९९८५ असा चार दशांश स्थळांचा आकडा मी तरी अक्षरशः घेत नाही. तो नोंदींची अचूकता सांगतो, आपल्या समजुतीची नाही. ०.१ वरही मी पैज लावणार नाही, कारण तो थर तिथे का असावा याचं समाधानकारक भौतिकशास्त्र अजून तयार नाही. ध्रुवीकरणाच्या, म्हणजे प्रकाशलहरी एकाच दिशेत किती कंप पावतात याच्या, नोंदी मात्र मला जास्त बोलक्या वाटतात. डिसेंबर २०२१ मध्ये गेलेल्या आयएक्सपीई उपग्रहानं सिग्नस एक्स-१ च्या कडक अवस्थेत सुमारे ४ टक्के ध्रुवीकरण मोजलं, त्याची दिशा कृष्णविवराजवळून निघणाऱ्या रेडिओ झोताशी जुळते. यावरून कोरोना झोताच्या बाजूनं उभा नसून तबकडीला समांतर पसरलेला आहे असं दिसतं. मऊ अवस्थेतल्या सुमारे २ टक्के ध्रुवीकरणाचा अर्थ त्या गटानं असा लावला की तबकडीचा प्रकाश गुरुत्वाकर्षणानं वळून पुन्हा तबकडीवरच पडतो आणि परततो. तसं व्हायला कड खूप आत लागते, म्हणजे मोठा स्पिन. पण हाही एक अर्थच आहे. ४यू १६३०-४७ या कृष्णविवरात ध्रुवीकरण २ ते ८ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पट्ट्यात ६ टक्क्यांवरून १० टक्क्यांपर्यंत चढलं, तेव्हा साधी प्रारूपं तोकडी पडलीच. इलेक्ट्रॉनांच्या जाड थरात विखुरून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवीकरण जास्तीत जास्त ११.७ टक्के, हा आकडा आपल्या एस. चंद्रशेखर यांचा. गांधीसागरासमोरच्या विज्ञान केंद्राला ज्यांचं नाव आहे ते रमण त्यांचे काका. आपला एक्सपोसॅट उपग्रहही १ जानेवारी २०२४ ला याच कामासाठी गेलाय. त्यातलं पोलिक्स हे उपकरण ८ ते ३० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये पाहतं, म्हणजे आयएक्सपीईचा पट्टा संपतो तिथून पुढे.

आणि असं फक्त सिग्नस एक्स-१ चंच आहे असं समजू नका. जीआरओ जे१६५५-४० घ्या. तबकडीच्या उजेडावरून ०.७, लोहाच्या रेषेवरून ०.९ च्या वर, आणि क्ष-किरणांच्या जलद लुकलुकीच्या वारंवारतांवरून ०.२९. तिन्हींच्या त्रुटी-मर्यादा एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत. अशा वेळी सरासरी काढणं हा सगळ्यात वाईट मार्ग. तीनपैकी निदान दोन गृहीतकं त्या कृष्णविवराला लागू पडत नाहीत एवढाच त्याचा अर्थ.

आता तुमचा प्रकल्प. सिग्नस एक्स-१ पहिल्यांदा घेऊ नका. ज्यावर जाणकार भांडतायत तिथे शिकाऊ माणसाला स्वतःची चूक आणि विषयाची अडचण वेगळी करता येत नाही. जीआरएस १९१५+१०५ चंही आकर्षण सगळ्यांना असतं, पण त्याचा उजेड मिनिटामिनिटाला रूप बदलतो. वर्गवारी करणाऱ्यांनी २००० साली त्याचे बारा प्रकार मोजले होते. ते नंतर.

एलएमसी एक्स-१ घ्या. ते कायम मऊ अवस्थेत असतं, त्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे ११ पट, कल सुमारे ३६ अंश. मुख्य म्हणजे मोठ्या मॅगेलानिक मेघाचं अंतर, सुमारे १ लाख ६२ हजार प्रकाशवर्षं, एका टक्क्याच्या अचूकतेनं माहीत आहे. पहिल्या पद्धतीतली एक मोठी शंका इथे आपोआप गळते. ॲस्ट्रोसॅटनं त्याच्या नोंदी घेतलेल्या आहेत आणि प्रसिद्ध आकडा ०.९२ च्या आसपास आहे, त्यामुळे ताडून पाहता येतं.

ॲस्ट्रोसॅटवरच्या उपकरणांपैकी तबकडीसाठी मुख्य भार एसएक्सटीवर (मऊ क्ष-किरणांची दुर्बीण) टाका, ते ०.३ ते ८ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचं आहे. कडक शेपटासाठी लॅक्सपीसी (कडक क्ष-किरण मोजणारं उपकरण), आणि त्यातलं लॅक्सपीसी-२० हेच युनिट, बाकी दोन्हींना पुढे अडचणी आल्या. लॅक्सपीसीवर लोहाच्या रेषेचा आकार काढायचा मोह टाळा. त्या उपकरणाचा जोर मोठ्या क्षेत्रफळात आणि मायक्रोसेकंदांच्या वेळमापनात आहे, ऊर्जा वेगळी करण्यात नाही. मंद स्रोत असल्यानं लॅक्सपीसीची पार्श्वभूमी नीट वजा झालीय का, हे वरच्या टोकाला पुन्हा पुन्हा बघा. शेपूट आपोआप वर वळलेलं दिसलं तर ते कृष्णविवर नव्हे, पार्श्वभूमी.

एक्सस्पेक या वर्णपट तपासण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवात डिस्कबीबी या साध्या तबकडीच्या प्रारूपानं करा, त्रिज्या आणि तापमान समजुतीत बसतंय का पाहा, मग केरबीबी या फिरत्या कृष्णविवराच्या तबकडीच्या प्रारूपावर जा. वस्तुमान, अंतर, कल बांधून ठेवा आणि स्पिन मोकळा सोडा. नंतर प्रत्येक बांधलेला आकडा त्याच्या त्रुटीएवढा वर-खाली करून स्पिन कितीनं हलतो याची नोंद ठेवा. रंग-सुधारणेचा गुणक (तबकडी असते त्यापेक्षा किती पट गरम दिसते तो आकडा) १.७ धरतात, तोही १.५ आणि १.९ करून पाहा. स्पिन प्रारूपाच्या भिंतीला, म्हणजे ०.९९८ किंवा ०.९९९९ ला जाऊन चिकटला तर तो निकाल समजू नका. ०.९९८ ही मर्यादा थॉर्न यांनी १९७४ मध्ये दिली, पण फिट तिथे अडकतं तेव्हा बहुतेक वेळा दुसरंच काही सांगत असतं.

एक आकडेमोड आधीच करून ठेवा, परीक्षकांना आवडते. कडेची त्रिज्या मोजताना १० टक्के चूक झाली, तर फिरत नसलेल्या कृष्णविवराचा स्पिन उणे ०.१८ पासून अधिक ०.१८ पर्यंत कुठेही येऊ शकतो (उणे म्हणजे तबकडी उलट दिशेनं फिरणारी). तीच १० टक्के चूक ०.९ स्पिनच्या कृष्णविवरात केली तर उत्तर सुमारे ०.८७ ते ०.९३ च्या मधेच राहतं. म्हणून मोठ्या स्पिनच्या त्रुटी-मर्यादा छापलेल्या बारीक दिसतात. मोजणारा जास्त काळजीपूर्वक होता म्हणून नाही, तर कड तिथे स्पिनबरोबर झपाट्यानं हलते म्हणून.

हे सगळं जमलं, की शेवटच्या महिन्यात त्याच फिटवर टीएचकॉम्प हे प्रारूप लावून कोमट थर घाला आणि स्पिन कुठे जातो ते पाहा. हा वाद एलएमसी एक्स-१ पर्यंतही पोचलेला आहे, त्यामुळे आकडा खाली आला तर घाबरू नका. प्रबंधात दोन्ही आकडे दोन वेगळ्या ओळींत द्या, प्रत्येकासमोर गृहीतक लिहा, आणि दोन्ही फिटचे काय-स्क्वेअर (जुळणी किती चांगली याचं माप) शेजारी शेजारी छापा. सॉफ्टवेअर अडलं तर पुण्याच्या आयुकातल्या ॲस्ट्रोसॅट सहाय्य कक्षाला लिहा; निरीक्षणाचा क्रमांक, पाइपलाइनची आवृत्ती आणि पडद्यावर आलेली चूक जशीच्या तशी पाठवा.